गाडी पाच महिने मांद्र्याला उभी राहणार, बॅटरीचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी जहाजावर नोकरी करतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जाईन, मार्चअखेर परत येईन. पेट्रोलची छोटी गाडी गोव्यात मांद्र्याच्या घरी पोर्चमध्ये असते. बाबा आता गाडी चालवत नाहीत, पण दर रविवारी दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवतात. तरीही गेल्या मार्चमध्ये आलो तर बॅटरी बसलेली, आणि ती फक्त चौदा महिन्यांची होती. हिवाळ्यात बॅटरी काढून घरात उबदार जागी कापडात गुंडाळून ठेवावी, असं वाचलंय. तसं करू का?"

बॅटरी काढून घरात ठेवली तर चांगलंच आहे. गुंडाळू मात्र नका, आणि उबदार जागी तर मुळीच ठेवू नका. तुम्ही वाचलेला सल्ला बर्फ पडतो त्या देशांतला आहे. तिथे तो बरोबरच आहे, पण त्यामागचं कारण समजून घेतलं नाही तर आपण इथे नेमकं उलटं करून बसतो. मी म्हापशात सत्तावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. जहाजावर आणि गल्फमध्ये जाणाऱ्यांच्या गाड्या दर वर्षी माझ्याकडे येतात, आणि तुमची तक्रार त्यातली सगळ्यात नेहमीची आहे.

आधी थंडीचं सांगतो. गाडीची बॅटरी म्हणजे शिशाच्या प्लेटा आणि त्यात पाणी मिसळलेलं गंधकाम्ल. बॅटरी पूर्ण चार्ज असते तेव्हा ॲसिड दाट असतं आणि उणे ५० अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत ॲसिडमधला गंधक प्लेटांवर जाऊन बसलेला असतो, मागे जवळजवळ पाणीच उरतं, आणि ते उणे १० च्या आसपास गोठतं. गोठलं की फुगतं, प्लेटा वाकतात, डबा तडकतो. शिवाय उणे १८ अंशांना चांगल्या बॅटरीचाही जोर निम्म्यावर येतो, आणि त्याच वेळी इंजिनचं ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फला जास्त जोर लागतो. म्हणून तिकडचे लोक बॅटरी घरात आणतात. लडाखला किंवा स्पितीला गाडी ठेवणाऱ्यालाही हेच करावं लागतं.

आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटे पणजीचा पारा २० अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी तो ३२ वर जातो. इथे काहीही गोठणार नाही. थंडीचा एक फायदा असतो, तोही आपल्याला मिळत नाही: थंड जागेत भरलेली बॅटरी फार हळू उतरते. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरी आपली आपण उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. तिकडे थंडगार गॅरेजमध्ये भरून ठेवलेली बॅटरी सहा महिन्यांनी बऱ्यापैकी तशीच सापडते. मांद्र्याला ती तशी सापडणार नाही. त्यामुळे गोव्यात बॅटरीला ऊब देण्याचा विचारही नको. घरातली सगळ्यात थंड, सावलीतली, हवा खेळती असलेली जागा शोधायची.

आता तुमची चौदा महिन्यांची बॅटरी का मेली ते पाहू. तुमचं मूळ दुखणं इथे आहे.

गाडी बंद करून लॉक केली तरी ती पूर्ण झोपत नाही. रिमोटचा रिसीव्हर, इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक लॉक), घड्याळ, इंजिनच्या कॉम्प्युटरची स्मृती, हे सगळं थोडा थोडा करंट घेतच असतं. ठीकठाक गाडीत हा करंट २० ते ५० मिलीॲम्पिअर असतो. आपण ३० धरू. दिवसाला पाऊण ॲम्पिअर-अवरच्या आत, नेमकं सांगायचं तर ०.७२ (एक ॲम्पिअर करंट तासभर वाहिला की एक ॲम्पिअर-अवर जातो). छोट्या पेट्रोल गाडीत बहुधा ३५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी असते. म्हणजे चोवीस दिवसांत ती निम्मी होते आणि सात आठवड्यांत रिकामी. यात गाडीचा काहीच दोष नाही, सगळ्या गाड्यांचं असंच असतं.

तुमचे बाबा दर रविवारी गाडी चालू करतात. आठवड्याभरात ५ ॲम्पिअर-अवर गेलेले असतात. सेल्फ मारायला तसा फार खर्च होत नाही. करंट भरपूर लागतो, पण दोन-तीन सेकंदच, त्यामुळे बेरीज अगदी थोडी होते. अडचण भरून निघण्यात आहे. इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना हळू फिरत असतं, तेव्हा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) पूर्ण ताकदीने देत नाही. जे देतो त्यातलं काही इग्निशन, पेट्रोल पंप आणि रेडिएटरचा पंखा खातो. उरलेलं दहा मिनिटं बॅटरीत गेलं तर फार फार तर दीड-दोन ॲम्पिअर-अवर भरतात. त्यात बाबा एसी किंवा ब्लोअर लावून बसत असतील तर तेवढंही नाही. दर रविवारी तीनेक ॲम्पिअर-अवरची तूट येते, आणि महिना-दीड महिन्यात बॅटरी अर्ध्यावर येते आणि पुढेही हळूहळू उतरतच राहते. गाडी चालू होत राहते, म्हणून सगळ्यांना वाटतं की ठीक चाललंय.

अर्धी राहणं हेच बॅटरीला मारतं. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं. ते ताजं असताना मऊ असतं, चार्ज केलं की परत ॲसिडमध्ये विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे खडे घट्ट होतात आणि मग कितीही चार्ज करा, ते सुटत नाहीत. प्लेटाचा तेवढा भाग कायमचा बाद. उष्म्यात हे आणखी लवकर होतं. तुमची बॅटरी मार्चमध्ये मेली असं दिसलं, पण ती डिसेंबरपासून रोज थोडी थोडी जात होती.

यात बाबांची चूक मुळीच नाही, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. "आठवड्यातून एकदा चालू करून ठेवा" हा सल्ला गॅरेजवाल्यांनीच लोकांना दिलाय. मीही सुरुवातीची कित्येक वर्षं तोच देत होतो. शिवोलीचे एक गिऱ्हाईक होते. मुलगा बोटीवर, हे एकटे घरी. मी सांगितलं तसं घड्याळ लावून दर बुधवारी पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवायचे. तीन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या. दुसऱ्या वेळी मी त्यांच्याकडे जाऊन मीटर लावला. गाडी चालू करण्याआधी १२.२ व्होल्ट, पंधरा मिनिटांनी बंद करून तासाभराने परत मोजलं तर १२.२५. त्या दिवसापासून मी हा सल्ला देणं बंद केलं. त्यांच्या दोन बॅटऱ्यांचे पैसे माझ्या सांगण्यामुळे गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

गाडी खरोखर चालवली तर गोष्ट वेगळी. तुमचा कोणी चुलतभाऊ किंवा शेजारी शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला ती गाडी घेऊन येत असेल, तर जाऊन-येऊन तास-दीड तासाचं चालणं होतं. इंजिन नीट तापतं, सायलेन्सरमधलं पाणी उडून जातं, ब्रेक मोकळे राहतात आणि बॅटरीही भरते. असा माणूस मिळाला तर बाकी काही करायची गरज नाही. पण दर आठवड्याला नेमाने, पाच महिने, दुसऱ्याची गाडी काळजीने चालवणारा मिळणं कठीण, हे मलाही माहीत आहे. मग दोन मार्ग उरतात.

पहिला, बॅटरी सोडवून ठेवणं. निगेटिव्ह टर्मिनल काढलं की गाडीचा तो ३० मिलीॲम्पिअर थांबतो. उरतं फक्त बॅटरीचं आपलं आपण उतरणं. आताच्या सीलबंद, कॅल्शियम प्लेटांच्या बॅटरीत ते आपल्या हवेत महिन्याला साधारण चार-पाच टक्के धरा. पाच महिन्यांत पाव भाग. म्हणजे भरून ठेवलेली बॅटरी मार्चमध्येही १२.४ व्होल्टच्या जवळपास मिळायला हवी, आणि जानेवारीत एकदा चार्ज केली तर प्रश्नच नाही. बॅटरी जुन्या पद्धतीची, बूच उघडून पाणी घालायची असेल तर ती बरीच लवकर उतरते. तिला दर महिन्याला चार्जिंग हवं.

दुसरा मार्ग, स्मार्ट चार्जर कायम लावून ठेवणं. हा चार्जर बॅटरी भरली की १३.५ व्होल्टच्या आसपास उतरतो आणि उतरेल तेवढंच भरत राहतो. गाडीचं लॉक, अलार्म, घड्याळ सगळं चालू राहतं. साधा, जुन्या पद्धतीचा चार्जर मात्र असा लावून ठेवायचा नाही. तो भरल्यावरही ढकलतच राहतो, पाणी उकळवून टाकतो आणि बॅटरी वाळवतो.

तुम्हाला कुठला योग्य, ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे: पोर्चमध्ये पक्कं कनेक्शन आहे का, बाबांना रोज त्याकडे बघायची काळजी वाटणार का, आणि गाडीत अलार्म चालू राहणं तुम्हाला किती गरजेचं आहे. आपल्याकडे वीज जाते-येते. काही चार्जर वीज परत आली की आपोआप सुरू होत नाहीत, बटण दाबावं लागतं. असा घेतला तर पहिल्याच खंडानंतर तो निमूट बसून राहील आणि बाबांना कळणारही नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला परतीच्या पावसाचा गडगडाट कधी कधी असतोच, त्यातही प्लगला लावलेली वस्तू धोक्यात असते. तुमचा प्रश्न वाचून माझं मत पहिल्या मार्गाकडे झुकतं: बॅटरी सोडवा, घरात ठेवा, जानेवारीत एकदा कोणाकडून तरी चार्ज करून घ्या. बाबांच्या डोक्याला रोजचा ताप नाही. सौर पॅनेलवाले छोटे चार्जर मिळतात, पण पोर्चच्या छपराखाली त्यांचा उपयोग नाही.

आता जाण्याआधी काय करायचं, ते नीट सांगतो, कारण लोक इथेच गडबड करतात.

जाण्याच्या आदल्या दिवशी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. गाडी चालवून आणली म्हणजे भरली, असं धरू नका. गावातल्या गावात फिरलेली गाडी बहुतेक वेळा पाऊण भरलेलीच असते. ३५ च्या बॅटरीला साडेतीन ॲम्पिअरने, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या भागाने, रात्रभर लावा. मग चार्जर काढून चार-पाच तास तशीच ठेवा आणि मल्टिमीटरने मोजा. १२.६ ते १२.७ दिसलं की भरली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे संपत आली. चार्जर काढल्या काढल्या मोजलं तर १३ दिसेल. तो वरवरचा फुगवटा असतो, त्याला फसू नका. रात्रभर चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी १२.४ च्या वर जात नसेल तर ती बॅटरी आधीच खराब आहे. तिला पाच महिने सांभाळण्यात अर्थ नाही, परत आल्यावर नवी घ्या. जाण्याआधी नवी घेऊन ती बंद गाडीत टाकून जाणं म्हणजे वॉरंटीचे पाच महिने फुकट घालवणं.

बूच असलेल्या बॅटरीत पाणी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच घालून चार्ज करा, आणि खुणेपर्यंत चार्ज झाल्यावर भरा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड उतू जातं आणि ट्रे खातं. फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं नाही, फिल्टरचं नाही, एसीच्या नळीतून ठिबकणारं तर अजिबात नाही. लोक ते शुद्ध समजून घालतात, पण एसीच्या कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश त्यात उतरलेला असतो. ॲसिड कधीच घालायचं नाही, कारण उडून जातं ते फक्त पाणी.

सोडवताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. दहा नंबरचा पाना बहुतेक गाड्यांना चालतो. क्रम यासाठी, की निगेटिव्ह सुटलेला असेल तर पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. अंगठी, कडं काढून ठेवा. एकाच्या बोटावर तापलेल्या अंगठीचा गोल डाग मी स्वतः पाहिला आहे.

मांद्रे म्हणजे समुद्र जवळ. तुमच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड नक्की असणार. खारी हवा आणि ॲसिडची वाफ मिळून ती होते आणि लोखंडी पट्ट्या, केबलचं तांबं कुरतडत जाते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासा, फेस थांबेपर्यंत. ते पाणी बुचातून आत जाऊ देऊ नका. कोरडं पुसा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते. बॅटरीच्या वरचा भागही पुसा. ओलसर, खारट मळ दोन टर्मिनलांमध्ये पसरला की त्यातून बारीक करंट वाहतो आणि सुटी ठेवलेली बॅटरीही उतरते. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे मी बरेचदा मोजून पाहिलं आहे.

सोडवण्याआधी गाडीच्या आतलं एक काम आठवणीने करा. नुसतं रिमोटवर अवलंबून राहू नका, चावीने दार उघडतं का ते पाहा. कितीतरी जणांनी ती चावी वर्षानुवर्षं कुलपात घातलेलीच नसते आणि खाऱ्या हवेने ते कुलूप जाम झालेलं असतं. बिनचावीची गाडी असेल तर रिमोटच्या पोटात एक छोटी चावी लपलेली असते, ती काढून बघा. म्युझिक सिस्टीमला कोड असेल तर लिहून ठेवा. बाहेरून बसवलेल्या काही अलार्मना स्वतःची बॅटरी असते, टर्मिनल काढताच तसा अलार्म बोंबलायला लागतो. बसवणाऱ्याकडून तो आधी बंद करून घ्या.

घरात बॅटरी कुठे ठेवायची? मागच्या पडवीत किंवा कोठीत, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी, सरळ उभी. देवघर, चूल, गॅस यांपासून लांब, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो आणि तो एका ठिणगीने पेटतो. "सिमेंटच्या जमिनीवर ठेवली तर करंट जमिनीत उतरतो" असं बाबा किंवा शेजारी सांगतील. पूर्वी डबे कडक रबराचे असायचे, ते झिरपायचे, म्हणून त्या काळी लाकडाच्या फळीवर ठेवायचे. आताचा डबा प्लास्टिकचा आहे, करंट उतरत नाही. तरी फळी ठेवली तर काही बिघडत नाही. बाबांच्या मनाला बरं वाटत असेल तर जरूर ठेवा.

आणखी एक शक्यता तपासून घ्या. वर मी तुमच्या गाडीचा करंट ३० धरला आहे, पण खरा किती आहे ते मोजलेलं नाही. म्हापशात एका गाडीला बाहेरून लावलेल्या म्युझिक सिस्टीमची मुख्य वायर थेट बॅटरीला जोडली होती आणि लॉक केल्यावरही १८० मिलीॲम्पिअर जात होते. त्या हिशोबाने ३५ ची बॅटरी आठ दिवसांत रिकामी. मालक दोन वर्षं बॅटरी कंपनीला दोष देत होता. तुमच्या गाडीत नंतर बसवलेला कॅमेरा, जीपीएस, स्टिरिओ असेल तर जाण्याआधी एकदा मोजून घ्या. बॉनेट उघडं ठेवून गाडी लॉक करायची, अर्धा तास थांबायचं, कारण कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत, आणि मग केबलभोवती डीसी क्लॅम्प मीटर लावायचा. घाईत मोजलं तर आकडा मोठा दिसतो आणि नसलेली चूक शोधत बसावं लागतं. ५० च्या खूप वर असेल तर एकेका फ्यूजवर शोधावं लागतं. कोणत्याही बऱ्या इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम आहे.

स्टार्ट-स्टॉपवाली, म्हणजे सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर दोन फरक. तिची बॅटरी वेगळ्या जातीची असते, त्यामुळे चार्जरवर त्या जातीची सेटिंग असली पाहिजे. आणि निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. बॅटरी गाडीतच ठेवून चार्ज करायची असेल तर चार्जरचा काळा क्लिप टर्मिनलला न लावता बॉडीच्या अर्थिंगला लावा, नाहीतर आत किती भरलं हे गाडीला कळत नाही.

गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका. दमट हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला धरून बसतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाखाली दगड लावा. बॉनेटखाली उंदीर येतात, त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

मार्चमध्ये आल्यावर बॅटरी गाडीत बसवण्याआधी मोजा. १२.४ च्या वर असेल तर लावा आणि चालवा. खाली असेल तर आधी रात्रभर चार्जर. अगदीच बसलेली असली तर शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर लावून लगेच म्हापशाला निघू नका. अल्टरनेटर रिकाम्या बॅटरीत एकदम मोठा करंट ढकलतो, दोघांनाही ते सोसत नाही. सुरुवातीला काचा एका दाबात वर जाणार नाहीत, आयडल थोडं वरखाली होईल. काही किलोमीटर चालल्यावर इंजिन आपलं आपण सावरतं. काचांसाठी बटण वर ओढून दोन-तीन सेकंद धरून ठेवायचं.

जाण्याच्या दिवशी मोजलेले व्होल्ट आणि तारीख एका चिकटपट्टीवर लिहून बॅटरीवर लावा. जानेवारीत चार्ज करणाऱ्यालाही चार्ज करण्याआधीचा आकडा तिथेच लिहायला सांगा. मार्चमधला आकडा त्याखाली तुम्ही लिहा आणि तिन्ही मला इथे कळवा. त्यावरून पुढच्या वर्षी जानेवारीचं चार्जिंग लागेल की नाही, हे मी तुम्हाला नेमकं सांगू शकेन.